ऑफ-रोडिंगनंतर जुन्या जोंगाच्या आणि वन-टनरच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निसानच्या परवान्याखाली १९६९ पासून १९९९ पर्यंत जोंगा ही जीपसारखी लष्करी गाडी बनली. लष्करातली तिची थोरली बहीण म्हणजे निसानचा वन-टनर ट्रक. लष्करातून निवृत्त होऊन लिलावात निघालेल्या या गाड्या आज महाराष्ट्रात आणि गोव्यात बऱ्याच जणांनी जिवापाड सांभाळल्या आहेत. जोंगाचं मूळ इंजिन ३,९५६ सीसीचं, सहा सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. त्याला ताकद भरपूर आणि तेवढीच तहानही. काही गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे दोन्हींबद्दल लिहिलं आहे.

ही गाडी जंगलात क्वचितच बिघडते. बिघाड बहुतेक वेळा घरी आल्यावर, चार-आठ दिवसांनी उघडा पडतो, कारण आत राहिलेल्या पाण्याने आणि चिखलाने तेवढ्या दिवसांत आपलं काम केलेलं असतं. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत एकच आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल: तपासणी त्याच संध्याकाळी करा.

परत आल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं तशीच चालू ठेवा आणि ऐका. नंतर खाली उतरून चारही चाकांच्या हबला हात लावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल, तर त्या चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. ही तपासणी गाडी थांबल्यावर लगेचच होऊ शकते. सकाळपर्यंत चारही हब सारखेच गार झालेले असतात.

मग गाडीखाली पुठ्ठा टाकून आडवे व्हा. ओला चिखल सगळीकडे असेलच, पण तेलाने काळा झालेला चिखल वेगळा दिसतो. तो कुठे आहे तेवढं लक्षात ठेवा आणि त्यानंतरच गाडी धुवा. आधी धुतलीत तर गळती कुठून आहे याचा पुरावाच जातो.

ओढ्यातून आल्यापासून इंजिन मिसिंग मारतंय. कार्बोरेटर खोलू का?

अजून नाही. पेट्रोल जोंगात पाण्यानंतरचं मिसिंग दहापैकी नऊ वेळा करंटचं असतं. डेल्कोचं, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढा. आतून वाफ धरलेली असेल, कोपऱ्यात थेंब असेल, तर स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा. झाकणाच्या आत केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती भेग असते. करंट त्या रेघेवरून पळतो. ते झाकण पुसून सुधारत नाही, बदलावंच लागतं. आत फिरणाऱ्या रोटरचं टोक बघा, मग पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क. पॉइंटवर चिखलाचं पाणी सुकलं की पांढरट थर धरतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढा आणि गॅप फीलर गेजने लावा, साधारण अर्धा मिलिमीटर.

प्लगच्या वायरी जुन्या असतील तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. ज्या वायरीतून करंट गळतोय तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. दिवसा शोधूनही न सापडलेला दोष असा क्षणात सापडतो. वायरी काढल्या असतील तर परत लावताना फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ तपासा. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी इंजिन चालतं, फक्त थरथरतं आणि सायलेन्सरमध्ये फटाके फोडतं.

गाडी पाण्यात बंद पडली. सेल्फ मारून बाहेर काढू का?

कृपया नको. एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असण्याची शंका असेल तर सेल्फला हातही लावू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाच मिनिटांच्या घाईपायी अख्खं इंजिन उतरवावं लागतं. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे धोका आणखी मोठा.

गाडी दोरीने ओढून काढा, गिअर न्यूट्रल ठेवून. फिल्टर उघडून बघा. मूळ ऑइल-बाथ फिल्टर असेल तर त्यातलं तेल दुधाळ झालंय का ते पाहा. फिल्टर भिजलेला असेल तर पेट्रोल इंजिनचे सहाही प्लग काढा, डिझेलचे इंजेक्टर किंवा हीटर प्लग. पेट्रोल गाडीत कॉइलची वायर सोडवून ठेवा, कारण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफही बाहेर येते. मग बाजूला उभं राहून इंजिन फिरवा. पाण्याचे फवारे थांबेपर्यंत फिरवा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि प्लग कोरडे करून बसवा. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर पाणी खाली चेंबरमध्ये गेलंय. ते तेल काढून टाकल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

हाउसिंगमध्ये पाणी गेलंय हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि याच्याकडे झालेल्या दुर्लक्षापायी सर्वाधिक क्राऊन-पिनियन भंगारात जातात. हाउसिंग म्हणजे दोन चाकांमधल्या आसाचं आवरण, आणि क्राऊन-पिनियन म्हणजे त्यातले चाकांना ताकद देणारे दातेरी गिअर.

आधी पाणी आत जातं कसं ते समजून घ्या. डोंगर चढून आलेल्या गाडीचं हाउसिंग चांगलंच तापलेलं असतं. ते थंड ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ओढ पडते. हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्या-येण्याचं छोटं तोंड, मोकळा असला तर हवा तिथून येते. तो चिखलाने किंवा रंगाच्या थराने बुजलेला असला तर ओढ ऑइल सीलवर पडते आणि सीलच्या कडेने पाणी आत शिरतं. त्याच बुजलेल्या ब्रीदरमुळे पुढे उलटंही होतं. रस्त्यावर हाउसिंग पुन्हा तापलं की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो आणि ते तेल थेट ब्रेकच्या लायनरवर येतं.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहू द्या. सकाळी, गाडी जागची न हलवता, खालचा ड्रेन प्लग हळूहळू सैल करा, पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सुटले की धार येते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसलेलं असतं, त्यामुळे आधी स्वच्छ पाण्याचे थेंब ओघळतात आणि मागून दाट तेल येतं. पहिल्यापासून तेलच आलं तर प्लग आवळून मोकळे व्हा. रात्रभर थांबायला वेळ नसेल तर फिलर प्लगमधून बोट घालून तेलाचा रंग पाहा. चहाच्या रंगाचं, फेसाळ तेल आलं तर पाणी आत फिरून मिसळलं आहे आणि सगळं तेल बदलावं लागेल.

पुढच्या आणि मागच्या हाउसिंगबरोबर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) असंच तपासा. हाउसिंगमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५ चालतं. गिअरबॉक्सला मात्र जीएल-४ च द्या, कारण काही जीएल-५ तेलांतली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरची बारीक राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कण निघाला तर कव्हर उघडायची वेळ आली.

ब्रीदरचा इलाज कायमचा करून टाका. तिथे नळीचा निपल बसवून तेलाला टिकणारी रबरी नळी चासीवरून इंजिनच्या खोलीत उंच न्या आणि तोंडाला छोटा फिल्टर लावा. या गाडीवर कराव्यात अशा सुधारणांच्या यादीत मी ही पहिली धरतो, विंच आणि मोठ्या टायरांच्याही आधी.

ब्रेक लागत नाहीत, किंवा गाडी एका बाजूला ओढते.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये गेलेलं पाणी सहज बाहेर पडत नाही. पाण्यातून वर आलात की पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालत ब्रेकचं पॅडल हलकं दाबून ठेवा. उष्णतेने लायनर सुकतात आणि पकड परत येते. घाट उतरायला लागण्याआधी हे झालंच पाहिजे.

सुकूनही ब्रेक एका बाजूला ओढत असेल तर ड्रम उघडा. लाल मातीचा बारीक गाळ आत बसून पॉलिश पेपरसारखा घासतो, ड्रमला चरे पाडतो. तो पाण्याने धुवून काढा, हवेने उडवू नका, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. लायनर तेलाने भिजला असेल तर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवण्याचा मोह टाळा. तेल खोलवर मुरलेलं असतं आणि गरम झालं की परत वर येतं. लायनर बदला, सील बदला, आणि ब्रीदर तपासा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का तेही त्याच वेळी पाहून घ्या.

हँडब्रेकबद्दल एक गोष्ट प्रत्येक नव्या मालकाला माहीत हवी. जोंगाचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो आणि तो प्रोपेलर शाफ्ट धरतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे ते चाक मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं दुसरं चाकही सुटतं. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळते. चाकांना दगड किंवा ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नका.

ताशी ४०–५० किलोमीटरला स्टिअरिंग जोरात थरथरतं. किंगपिन गेले का?

किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खुंट. गेले असतील, पण आधी रिमच्या आतल्या बाजूला बघा. चिखलाचा लपका तिथे सुकून दगड झालेला असतो आणि चाकाचा तोल घालवतो. बाहेरून धुतलेल्या गाडीत हा हमखास राहून जातो. लाकडी पट्टीने खरवडून काढा आणि पुन्हा चालवून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटली तर एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंकचे सांधे हाताने धरा. ढिला सांधा बोटांना लगेच कळतो. टाय रॉडच वाकला असेल तर दोन्ही चाकं आत किंवा बाहेर बघताना दिसतील. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ब्रेकचं पॅडल दाबायला लावल्यावर हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही हललं तर किंगपिनचा. किंगपिनच्या शिम कमी-जास्त करून बसवणं हे जाणत्या मिस्त्रीचं काम आहे, अंदाजाने करू नका.

नकलच्या, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याच्या, गोलावर चिखल आणि ग्रीस मिसळून राखाडी लोणी झालेलं दिसलं तर नमद्याचं सील संपलंय. आतल्या जॉइंटला पाणी लागलेलं असणार. सुकण्याआधी खोला.

फोर-बाय-फोरचा लिव्हर अडकलाय, निघत नाही.

घणाचे घाव घालू नका. या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात, पण दोन्ही शाफ्ट एकत्र बांधलेले असल्यामुळे हा फरक पिळाच्या रूपाने दात्यांत साठतो. चिखलात चाक घसरून पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा फूट मागे घ्या, क्लच दाबा आणि लिव्हर ओढा. नाही आला तर मऊ मातीवर न्या आणि पुन्हा तेच करा. पुढे हब लॉक असतील तर ते मोकळे करूनही पीळ उतरतो.

एवढं करूनही हलला नाही, तर लिव्हरच्या खालच्या सांध्यात चिखल सुकला आहे. पाण्याने भिजवा, भेदक तेल मारा, रात्रभर सोडा. आणि डांबरी रस्ता लागला की टू-व्हील ड्राइव्हवर येण्याची सवय अंगी बाणवा.

गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते.

दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप धरून माप घ्या. स्टिअरिंग सरळ हवं. एका बाजूचं माप ठळक कमी आलं तर त्या बाजूच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटून हाउसिंग सरकलं आहे. दगडावर आपटल्यावर हे होतं आणि यू-बोल्ट घट्ट दिसत असल्यामुळे लक्षात येत नाही. नवा सेंटर बोल्ट टाकताना यू-बोल्टही नवे घ्या, एकदा ताणलेले पुन्हा नीट आवळले जात नाहीत. शंभरेक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळायचेच. त्याच वेळी पाटे पुसून तडे शोधा. तड्याच्या रेघेत गंजाचा तांबूस डाग दिसतो.

गिअर टाकताना खालून 'ठक्' असा आवाज येतो.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट. चाकांना ठोकळे लावून शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघा. क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची लाल भुकटी जमली असेल तर ग्रीस संपून आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. पाण्यातून आल्यावर प्रत्येक निपलला ग्रीस गन लावा आणि चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. शाफ्ट खोलण्याआधी स्लिप जॉइंटवर रंगाची खूण करा. एका दात्याने जरी चुकीचं बसलं तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी वेगात हादरते. मग माणसं उगाच बॅलन्सिंगवर पैसे घालवतात.

चिखलातून आल्यापासून तापतेय.

रेडिएटरच्या जाळीत चिखल आहे. इंजिनच्या बाजूने पुढे पाणी मारून धुवा. पुढून मारलंत तर तो आणखी आत ठासला जातो. पाण्याचा दाब कमी ठेवा, नाहीतर जाळीचे पंख आडवे होतात. फॅन बेल्ट पुसून ताणून घ्या. खोल पाण्यात फॅनची पाती पुढे वाकून रेडिएटरला घासली असतील तर गोल ओरखडा दिसेल. याचसाठी खोल पाण्यात उतरण्याआधी बेल्ट काढायची पद्धत आहे. पलीकडे पोचल्यावर तो लगेच बसवायला हवा, वॉटर पंपही त्याच्यावरच चालतो.

हे सगळं ठीक असूनही तापत असेल तर इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलं.

सपाटीला नीट चालते, चढावर दम तोडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू.

टाकीच्या तळातला कित्येक वर्षांचा गंज आणि गाळ उधळून फिल्टरमध्ये आला आहे. बंद पडल्यावर गाळ खाली बसतो, म्हणून पुन्हा चालू होते. फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवा. एसी पंपाच्या, म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोल पंपाच्या, काचेच्या वाटीत पाणी दिसलं तर टाकीच्या झाकणाचं रबरही बदला.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाडीचे मूळ रबरी पाइप आणि एसी पंपाचा डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे टाकून घ्या. पेट्रोल गळतीने लागलेली आग ही जुन्या गाड्यांची सगळ्यात मोठी शत्रू आहे.

सेल्फ नुसता 'टक्' करतो.

बॅटरी दोषी ठरवण्याआधी इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी बघा. तिच्या बोल्टखाली चिखल आणि गंज असतो. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ फिरला तर दोष पट्टीचा. तरीही नाही फिरला तर सेल्फ उतरवून धुवा, बेंडिक्समध्ये (सेल्फचा पुढे सरकून फ्लायव्हीलला लागणारा गिअर) चिखल सुकला असेल. लष्करी रेडिओ बसवण्यासाठी बनलेली गाडी असेल तर ती १२ व्होल्टची की २४ची ते तपासल्याशिवाय दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडू नका.

चार आठवडे उभी होती, आता क्लच दाबूनही गिअर पडत नाही.

क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. बेल हाउसिंगच्या तळाचं भोक चिखलाने बुजलं असेल तर पाणी आत साठून राहतं, ते आधी तारेने मोकळं करा. इंजिन गरम करून बंद करा. मोकळ्या मैदानात वरचा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि सेल्फने गाडी चालू करून ब्रेक मारा. बहुतेक वेळा प्लेट सुटते. समोर भिंत किंवा माणूस असताना हा प्रयोग करू नका.

कोकणात किनाऱ्यावर गाडी नेली होती. वेगळं काही करायचं का?

पुळणीवर गाडी घालणं टाळाच. किनाऱ्याचंही नुकसान होतं आणि पोलीस कारवाईही होते. जेट्टीवर किंवा खाडीत खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चासीच्या आतल्या पोकळ्यांसकट धुवा. प्रेशर वॉशरची धार सील आणि बेअरिंगवर थेट मारू नका. ड्रमसुद्धा उघडून धुवावे लागतात.

सुटे भाग कुठे मिळतात?

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, हरियाणात मंडी डबवाली, आणि अर्थातच जबलपूर. जुना भाग सोबत घेऊन जा, नुसत्या नावावर भलताच भाग हातात पडतो. ऑइल सील आणि बेअरिंगवर छापलेला नंबर टिपून घेतलात, तर तेच माप गावातल्या बेअरिंगच्या दुकानातही मिळतं आणि नवंकोरं मिळतं. चाळीस वर्षं पडून राहिलेलं 'ओरिजिनल' रबरी सील मात्र मी घेणार नाही. रबर डबीत बंद असलं तरी कडक होतं.

कोणत्या परिस्थितीत गाडी चालवत घरी आणू नये?

ब्रेकचं पॅडल तळाला जात असेल. स्टिअरिंगचा एखादा सांधा ढिला असेल. हबला हात लावून ठेवता येत नसेल. पेट्रोलचा वास येत असेल. सेंटर बोल्ट तुटला असेल. ऑइल प्रेशरचा काटा पडला असेल. यातलं काहीही असेल तर गाडी ट्रकवर चढवून आणा. टोइंग करणं भाग असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवा. तो उतरला की हँडब्रेकही उरत नाही, म्हणून चाकांना ठोकळे लावून मगच बोल्ट सोडायला घ्या. ब्रेक गेलेली गाडी दोरीने ओढू नका, मधे लोखंडी दांडा लावा.